एक्स्पो किती आणि कुठे: ४५० हेलिकॉप्टरच्या स्टिक लावताना

होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी तरंगताना, माझं ४५० आकाराचं रिमोटचं हेलिकॉप्टर एलरॉनला (डावी-उजवीकडे कलवणाऱ्या स्टिकला) फार चटकन कलायचं. अंगठा जरा हलला की लगेच दुरुस्ती, मग त्या दुरुस्तीची दुरुस्ती. म्हणून स्टिकचा प्रतिसाद मुळापासून लावला. रेडिओ (हातातला रिमोट) एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा, मशीन फ्लायबारलेस, म्हणजे तोल सांभाळणारा दांडा नसलेलं; ते काम इलेक्ट्रॉनिक युनिट करतं.

आधी मोटरच्या तीनपैकी दोन वायरी सोडवल्या, मुख्य पाती उतरवली आणि रेडिओतल्या जुन्या मॉडेलची, म्हणजे जुन्या सेटिंगची, कॉपी करून ठेवली. मग स्टिक कॅलिब्रेट केल्या. हात सोडल्यावर रेडिओच्या पडद्यावरच्या चॅनल मॉनिटरवर एलरॉन शून्याऐवजी २ दाखवत होता, तो कॅलिब्रेशननंतर शून्यावर आला. हा फरक ट्रिमने (मध्य जरा सरकवणाऱ्या बटणाने) कधीच काढू नये. फ्लायबारलेस युनिटला स्टिकची जागा म्हणजे फिरण्याचा वेग. ट्रिम दिला की मशीन त्या बाजूला सारखं हळूहळू वळत राहतं. युनिटचं सेटअप करताना रेडिओत सगळं सरळ आणि १०० टक्के हवं. स्वॉशचं (पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीचं) मिक्सिंगही बंद, ते काम युनिट करतं.

आता क्रम. बरेच जण थेट एक्स्पोला, म्हणजे स्टिकचा मध्य मऊ करणाऱ्या सेटिंगला, हात घालतात, तिथंच चुकतं. पूर्ण स्टिकला मशीन जास्त वेगानं फिरत असेल तर तो रेटचा (पूर्ण स्टिकला किती आउटपुट जायचं त्याचा) प्रश्न आहे, एक्स्पोनं टोकाचा वेग बदलत नाही. मी एलरॉन आणि एलिव्हेटरचा (पुढं-मागं कलवणाऱ्या स्टिकचा) रेट १०० वरून ७५ वर आणला. अर्धा त्रास तेवढ्यानंच गेला.

एक्स्पो नेमकं काय करतो ते आकड्यांत पाहा. एजटीएक्समध्ये ३० एक्स्पो दिला की अर्ध्या स्टिकला ५० ऐवजी साधारण ३९ टक्के आउटपुट मिळतं. ६० दिला की २७.५. मध्य मऊ होतो, पण ते उरलेलं कुठंतरी भरून निघणारच: ६० ला टोकाजवळचा चढ मध्यापेक्षा साडेपाचपट तीव्र होतो. दुपारच्या वावटळीत स्टिक जरा जास्त लोटावी लागली की मशीन एकदम उसळतं. माझ्याकडे एलरॉन, एलिव्हेटरला २५ आणि रडरला (शेपूट वळवणाऱ्या स्टिकला) ३५ वर काम झालं. होव्हर शिकणाऱ्यानंही ४० च्या पुढं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन चुका हमखास होतात. पहिली चिन्हाची. एजटीएक्स आणि स्पेक्ट्रम कंपनीच्या रेडिओत अधिक आकड्यानं मध्य मऊ होतो, फुटाबा कंपनीच्या रेडिओत उणे आकड्यानं. मित्राच्या अशा वेगळ्या रेडिओवरचे आकडे जसेच्या तसे उतरवले तर मध्य उलट तिखट होतो. पाती लावण्याआधी स्टिक अर्ध्यावर धरून मॉनिटर बघायचा: रेटच्या निम्म्यापेक्षा कमी दिसलं पाहिजे. दुसरी चूक दुहेरी एक्स्पोची. युनिटमध्येही एक्स्पो असतो. रेडिओत ३० आणि युनिटात ३० म्हणजे अर्ध्या स्टिकला जेमतेम २९ टक्के, जवळजवळ ६० सारखंच. मी युनिटातला शून्य केला.

कलेक्टिव्हला (मशीन वर-खाली नेणाऱ्या स्टिकला) एक्स्पो दिला नाही, तिथं पिच कर्व्ह, म्हणजे कुठल्या स्टिकला पात्यांचा किती कोन (पिच) ते ठरवणारी रेघ. माझ्या मशीनला दोन्हीकडे ११ अंश पिच आहे. नॉर्मल (साध्या उड्डाणाच्या) मोडमध्ये खालचं टोक उणे ३ अंशांवर ठेवलं. ११ अंश म्हणजे १०० धरून पाच बिंदू −२७, ५, ३६, ६८, १०० असे आले. ५ अंशांचा होव्हर त्यामुळे ५७ टक्के स्टिकवर बसतो. आयडल अप (कसरतींचा मोड) सरळ: −१००, −५०, ०, ५०, १००. इथं एक धोका आहे. होव्हरच्या स्टिकवर असताना आयडल अप टाकलं तर पिच ५ वरून दीड अंशावर येतं आणि मशीन खाली बसतं. पुरेशी उंची घेऊन, कलेक्टिव्ह वर नेत नेतच स्विच टाकावा. पाती परत चढवण्याआधी थ्रॉटल होल्ड (मोटर बंद ठेवणारा स्विच) दोन्ही मोडमध्ये तपासायचा.

पहिलं उड्डाण सकाळी, तूर निघालेल्या सपाट वावरात. नांगरटीच्या ढेकळांवर स्किड (मशीनचे पाय) टेकवू नये, मशीन लवंडतं. एका बॅटरीत एकच आकडा बदलायचा, तोही ५ नं.

मे महिन्यात कर्व्ह परत बघावाच लागतो. परभणीच्या ४२ अंशांत हवा जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा जवळपास १० टक्के विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच आरपीएमला होव्हरसाठी पिच जास्त लागतं. मधला बिंदू ३६ वरून ४० केला की होव्हर पुन्हा ओळखीच्या जागी येतो. एक्स्पोला हात लावायचा नाही.