गुंडी

परवा आईनं आबांच्या सदऱ्यांच्या गुंड्या काढून टिचबटणं लावली. गुंडी चिमटीत आली की नाही हेच आबांच्या बोटांना कळत नाही. लग्नाला निघायला जीप भरून उभी, आणि हे अजून तिसऱ्या गुंडीवर!

२१ वर्षं त्यांनी केज-अंबाजोगाई भागात विहिरींना होल मारले. आमच्याकडं वरती माती-मुरूम, खाली काळा पाषाण. सुरुंगासाठी होल घ्यायचा तर कॉम्प्रेसरवरचं ड्रिल दोन्ही हातांनी दाबून धरायचं.

पण बोटं पहिल्यांदा पांढरी पडली ती विहिरीत नाही. जानेवारीत रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेले होते. मधली दोन बोटं खडूसारखी, चिमटा काढला तरी कळेना. शेकोटीवर धरली तर लालबुंद झाली आणि असा ठणका लागला की विचारू नका. घरानं ठरवलं, वात आहे. ड्रिल त्या दिवशी बंदच होतं ना! इथंच सगळे फसतात. नसा बिघडतात मशीनवर, दिसतं थंडीत. ओव्याच्या शेकण्यात आमची किती वर्षं गेली.

अमेरिकेत बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या हातोड्यावर काम करणाऱ्यांची अशीच बोटं ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी १९१८ मध्येच तपासली होती. युरोपात हाताला बसणाऱ्या हादऱ्याची आठ तासांची मर्यादा ५ आहे (माप मीटर प्रति सेकंद वर्गात), आणि २.५ ला मालकानं उपाय सुरू करायचे. हादरा दुप्पट झाला की वेळ निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणजे १० हादऱ्याचं मशीन दोन तासांत मर्यादा संपवतं. आबा दिवसभर धरायचे.

आता कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर माझ्याकडं आहे. ड्रिलवर दोघं पोरं आलटून पालटून. बोथट बिट लावायचं नाही, मूठ आवळून दाबायचं नाही. ड्रिलमधून सुटणारी हवा मे महिन्यातही गार असते, ती हातावर घ्यायची नाही. हातमोजे देतो, पण ते उबेपुरते. ड्रिलचा हादरा त्यांनी फारसा अडत नाही. तंबाखूनं नसा आणखी आवळतात हे सांगून दमलो. तिथं मी हरलो.

गेल्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "दादा, रात्री बोटाला मुंग्या येतात." आबांनी त्याचा हात मागितला, एकेक बोट दाबलं.

"कळतंय का?"

"कळतंय."

"मग आजपासून तू यारीवर, दगड वर ओढायला."

हजेरी तीच ठेवली. विहीरमालक मात्र संध्याकाळी होल मोजून कुरकुरला, चार कमी भरले.