कॅटमिंट लावायचंय? बियांचं पाकीट घेऊ नका

कॅटमिंट म्हणजे पुदिन्याच्या कुळातलं, फुलांसाठी लावतात ते शोभेचं झाड. त्याच्या बिया ऑनलाइन मागवू नका, हे आधीच सांगते. माझ्या पाकिटावर निळसर जांभळ्या तुऱ्यांचा फोटो होता आणि नाव छापलं होतं 'नेपेटा फासेनी'. ही कॅटमिंटची संकरित जात आहे, तिला रुजणारं बी धरत नाही. रोप करायचं तर काडी लावून, नाहीतर जुनं झुडूप मुळासकट फोडून. म्हणजे त्या नावाचं बियांचं पाकीट खरं असूच शकत नाही! उगवलं ते कॅटनिप, म्हणजे त्याच कुळातलं दुसरं झाड, नेपेटा कॅटारिया. उंच, फोफावणारं, मळकट पांढऱ्या फुलांचं.

तक्रार केली तर उत्तर आलं, "मॅडम, बी उगवलं ना? मग पैसे परत मिळणार नाहीत." फुलांचे फोटो पाठवले, जातीचं नाव समजावून सांगितलं. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि तेच वाक्य. पैसे फार नव्हते, पण थंडी हातची गेली. नाशिकात हे झाड मनापासून वाढतं ते थंडीतच. त्याचा राग अजून गेलेला नाही. एका नर्सरीत विचारलं तर पुदिना पुढे केला, वर "सावलीत ठेवा" हा सल्ला. कॅटमिंटला रोज निदान सहा तास ऊन हवं.

शेवटी भाचीने कुन्नूरहून मुळं फुटलेल्या काड्या आणून दिल्या, आणि गच्चीवर त्या झकास लागल्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात मुळं कुजतात. म्हणून मातीच्या कुंडीत निम्मा मुरूम आणि जाड वाळू घातली. शेणखत मूठभरच, जास्त झालं की फांद्या लोळतात. पावसाळाभर कुंड्या पत्र्याखाली, पण उजेडात. पहिला बहर सुकला की अर्धं झुडूप कापायचं. द्राक्षवाले छाटणीला हात आखडत नाहीत, तसंच. बुडातून नवे फुटवे येतात आणि पुन्हा तुरे धरतात. मधमाश्या सकाळपासून हजर!

कोवळ्या रोपांवर जाळीची टोपली उपडी घाला, वासाने बोके येऊन त्यावर लोळतात. आणि रोप विकत घेताना पान बघा: कॅटमिंटचं लहान, करडट हिरवं, सुरकुतलेलं असतं. मोठं, बदामी आकाराचं, ठळक दातेरी कडेचं दिसलं तर ते कॅटनिप. पैसे देण्याआधीच परत करा.