अटक पहिल्या पानावर

निवृत्त झाल्यापासून लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत एकच प्रश्न येतो, "तुम्ही दाऊदला भेटलायत का हो?" नाही भेटलो. मुंबईत क्राइम बीटवर रिपोर्टर म्हणून माझी उमर गेली ती ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर.

संध्याकाळ झाली की लँडलाइनवरून एकेका पोलीस ठाण्याला फोन लावायचा. "काय विशेष?" "शांत आहे, साहेब." हे शांत खरंच शांत आहे की पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक, शेजारी उभे आहेत, ते आवाजावरून ताडायचं. बातमी अधिकारी देत नाही, हवालदार देतो. तोही आधी वर्षभर त्याच्या बदलीची, पोराच्या ॲडमिशनची विचारपूस केली असेल तर.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर संकेतस्थळावर टाकायला सांगितले, संवेदनशील गुन्हे सोडून. चांगलंच झालं. पण एफआयआर म्हणजे फिर्यादीचं म्हणणं, एवढंच. पंचनाम्याचा पंच उलटला, साक्षीदार फितूर झाला, हे बघायला कोर्टातच जाऊन बसावं लागतं. आणि तिथे आमची जमात कमी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. रिमांडला पाय ठेवायला जागा नसते. उलटतपासणी सुरू झाली की पत्रकारांचे बाक ओस. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला आर्थर रोड तुरुंगातल्या टाडा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, कोर्टात चालला, निकाल यायला सुरुवात झाली सप्टेंबर २००६ मध्ये. एवढ्या काळात पेपरातले रिपोर्टर बदलतात, संपादकही बदलतात.

क्राइम रिपोर्टर जे. डे यांचंच घ्या. ११ जून २०११, पवई, भरदुपारी, मोटरसायकलवर असताना गोळ्या घातल्या. आमच्यातल्याच माणसाचा खून, त्यामुळे सगळे पेटून उठलो होतो. त्याच वर्षी या प्रकरणात पत्रकार जिग्ना व्होरा यांना अटक झाली आणि आम्ही रकानेच्या रकाने भरले. २ मे २०१८ ला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, न्यायालयाने छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली, व्होरा निर्दोष सुटल्या. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयानेही त्यांची सुटका कायम ठेवली. त्यांचं नाव माहीत असल्याने सुटकेची बातमी तरी झाली. चोरीच्या संशयावरून ज्याचा फोटो छापला तो वॉचमन सुटतो, तेव्हा कोण विचारतं?

"जुनं झालं रे ते," असं डेस्कवरून ऐकून घ्यायचो. तरी चार ओळी लिहून द्यायचोच. कधी जाहिरात आली की त्याही उडायच्या.

परवा एका नव्या रिपोर्टर मुलीचा फोन आला. सत्र न्यायालयाची बीट मिळालीय, सुरुवात कुठून करू? म्हटलं, सरकारी वकील नंतर. आधी शिरस्तेदाराशी, म्हणजे कोर्टाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या कारकुनाशी, ओळख काढ. पुढची तारीख त्याच्याकडे असते.