काउंटरवर उभं राहण्याआधी

रोहिणी लागायच्या आधीच्या रविवारी मी दुकानाचं शटर अर्धंच उघडते. दिग्रस तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. आत काउंटरवरचे दोन पोट्टे, एक मुलगी, चहा, सोयाबीनची रिकामी थैली, युरियाची बोरी आणि बिलबुक. हंगामाआधीचं आमचं प्रशिक्षण ते हेच.

सुरुवात मी बाबांपासून करते. एका साली त्यांचं चार एकर सोयाबीन उगवलंच नाही. बियाणं घेताना त्यांनी बिल मागितलं होतं. दुकानदार म्हणाला, "बिल काहाले पाह्यजे भाऊ, आपलेच मानसं आहा तुमी." थैली आईने धुऊन तिच्यात तूर भरली होती. लॉट नंबर, म्हणजे बियाण्याच्या त्या खेपेचा नंबर, कुठेच नाही. कृषी कार्यालयात पहिला प्रश्न बिलाचाच झाला आणि बाबा उठून घरी आले. दुबार पेरणीसाठी आईच्या पाटल्या गेल्या. त्या दुकानदाराने वाईट बियाणं मुद्दाम दिलं असं मी आजही म्हणत नाही. पण बिल न दिल्यामुळे बाबांना विचारायची जागाच उरली नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो.

म्हणून आमच्याकडे बिलावर वाण, लॉट नंबर आणि मुदत लिहिल्याशिवाय थैली काउंटरवरून उचलायची नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सांगितलं आहे. आता तर जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे आधीच्या ग्राहक मंचात, त्याला दाद मागता येते. तक्रारीची मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. हे मी पोरांना घाबरवायला सांगत नाही. समोरच्या माणसाच्या हातात आपण काय देतोय, ते त्यांना कळावं म्हणून सांगते.

मग बोलण्याची पाळी. मी गिऱ्हाईक होते, ते विकतात. मागच्या साली एक पोट्टा लगेच म्हणाला, "काकू, घेऊन जा, शंभर टक्के उगवते, एकरी बारा क्विंटल गॅरंटी." तिथेच थांबवलं. योग्य चाचणीचा आधार नसताना गुणाची हमी देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. थैलीवर उगवणशक्ती किमान ७० टक्के लिहिलेली असते, तेवढंच वाचून दाखवायचं. आणि सांगायचं, "घरी गोणपाटात शंभर दाने मोजून टाका, किती उगवले पाहा, मंगच पेरा. पाऊस चांगला मुरल्याबिगर घाई नोका करू. टॅग, थैली अन् मूठभर बी जपून ठेवा." असं सांगून दोन थैल्या कमी विकल्या गेल्या तरी चालतील.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो लिंकिंगवर, म्हणजे हव्या असलेल्या मालासोबत नको असलेला माल लावून विकण्यावर. युरियाची ४५ किलोची बोरी २६६ रुपये ५० पैशांची. जुलैत पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, डोस द्यायची वेळ आली की लोक पहाटेपासून रांगेत असतात. तेव्हाच कुठूनतरी आवाज येतो, "युरिया पाह्यजे तर ही बाटलीही घ्या लागन." एक वस्तू हवी म्हणून दुसरी गळ्यात मारणं ग्राहक कायद्यात प्रतिबंधक व्यापार प्रथा आहे. स्पर्धा कायदा, २००२ मध्येही अशा अटीच्या विक्रीचा वेगळा उल्लेख आहे.

पोरगी म्हणाली, "ताई, पण आपल्यालेच वरून लिंकिंग करून देतात तर?" खरं आहे. दोन वर्षांपूर्वी ठोक विक्रेत्याने युरियाच्या गाडीसोबत न खपणारा माल लावला होता. मी नाही म्हटलं आणि कृषी अधिकाऱ्यांना लेखी दिलं. त्या हंगामात माझ्याकडे युरिया कमी आला, चार गिऱ्हाईकं दुसरीकडे गेली. ते दुखलं. तरी वरून आलेला अन्याय खाली, एका एकराच्या विधवा बाईच्या पदरात टाकायचा नाही, एवढं मी त्या दिवशीच ठरवलं.

भावाबद्दलचा नियम थोडक्यात आहे. शेजारच्या दुकानातला पोरगा फोन करून "तुमच्याकडे थैली कितीले लावली? यापेक्षा खाली कोनीच नोका देऊ" म्हणाला, तर बोलायचं नाही, फोन ठेवायचा आणि मला सांगायचं. स्पर्धक दुकानदारांनी मिळून भाव ठरवणं, गावं वाटून घेणं, म्हणजे कार्टेल. नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या दहा टक्के, जे जास्त असेल तिथवर दंड जाऊ शकतो. आपण लहान आहोत म्हणून सुटतो, असा समज कोणी ठेवू नये. मीही चहाला बसलेल्या ओळखीच्या दुकानदारांमधून एकदा उठून आले आहे.

यंदा एक गोष्ट नव्याने घेतली. आमच्याकडे निम्म्याहून जास्त माल कापूस निघेपर्यंत उधारीवर जातो आणि पोट्टे उधारीचं बिल पैसे आल्यावर द्यायचं समजत होते. बियाणं जूनमध्ये उगवायचं राहिलं, तर दिवाळीतलं बिल काय कामाचं? रोख असो की उधार, बिल त्याच दिवशी. पोरीने लगेच उधारीच्या वहीत एक रकाना आखला, बिल नंबरचा. मागच्या आठवड्यात एक म्हातारे बाबा घडी घातलेलं बिल टोपीत ठेवत तिला म्हणाले, "बाई, आतावरी कोनं देल्लं नोतं." तिने परत मागून घेतलं, लॉट नंबर त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मग दिलं.