गुडघा दुखतोय, पण दुखणं गुडघ्याचं नाही

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात फिजिओथेरपीची होम व्हिजिट म्हणजे आधी जिना. काळाराम मंदिराजवळच्या एका वाड्यात मागे गेले, तिथला जिना लाकडी, अरुंद, धरायला वरून सोडलेला दोर. सत्तरी ओलांडलेल्या आजी वरच्या मजल्यावर. सूनबाईंनी फोनवरच सांगितलं होतं, "उजवा गुडघा पार कामातून गेलाय. शेक झाला, मशीन लावून झालं, तेल तर रोजच चालू आहे."

आजी पलंगावर पाय सोडून बसलेल्या, गुडघ्याला नी-कॅप, शेजारी एक्स-रेची पिशवी. फोटोत थोडी झीज दिसत होती. या वयात कुणाच्याही गुडघ्याचा फोटो काढा, काही ना काही निघतंच. आणि फोटोतली झीज नि माणसाचं दुखणं यांचा मेळ बसेलच असं नाही. फोटो बाजूला ठेवला.

नी-कॅप काढली. सूज नाही, हाताला गरम लागत नाही. गुडघा जवळजवळ पूर्ण वाकला, आजींनी हूं की चूं केलं नाही. मग नजर पावलांवर गेली. डाव्या पायाची नखं नीट कापलेली, उजव्याची वाढलेली.

"आजी, या पायाची नखं का राहिली?"

"हात पोचत नाही गं. गुडघा दुखतो ना."

पण पावलापर्यंत पोचायला गुडघ्याइतकाच खुबाही वळावा लागतो, आणि गुडघा तर आत्ताच छान वाकला होता. आजींना उताणं झोपवलं, गुडघा नि खुबा काटकोनात धरले आणि पोटरी हळूच बाहेरच्या अंगाला नेली. यात फिरतो तो खुब्याचा सांधा. डावा सहज फिरला. उजवा जेमतेम हलून अडला आणि आजी कळवळल्या, "हेच! हेच ते दुखणं!" हात मात्र गुडघ्यावर.

खुब्याला जाणाऱ्या नसांच्याच फांद्या गुडघ्यालाही जातात. त्यामुळे खुब्यातली कळ मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवते, कधी कधी फक्त तिथेच. "जांघेत दुखतं का?" असं विचारलं, तर आजी म्हणाल्या, "ते तर असतंच की." इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं, आणि जांघेचं दुखणं आपणहून सांगायचं तरी कसं, हाही संकोच. त्या मशीनच्या शेकाचा मला रागच आला. भलत्या जागी दिलेला शेक अंग तापवतो, दुसरं काय!

हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, या वेळी खुब्याचा फोटो काढायला. सांध्यातली फट कमी झालेली निघाली. ऑपरेशनची घाई नाही, आधी व्यायाम करा, असं त्यांचंही मत पडलं.

व्यायाम साधेच. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, उताणं झोपून कंबर वर घ्यायची, पलंगावरून हात न टेकता उठायचं-बसायचं. पलंग बुटका होता, म्हणून जास्तीची गादी टाकून उंच केला. खरी लढाई काठीवरून झाली. "काठी धरली की लोक म्हातारी म्हणतात," इति आजी. शेवटी तयार झाल्या, तर काठी उजव्या हातात! बहुतेक सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात. धरायची ती उलट्या हातात. उजव्या पायावर उभं राहताना कंबर डावीकडे खचू नये म्हणून उजव्या कुल्ल्याचे स्नायू जोर लावतात, आणि तो सगळा जोर सांध्यावर चढतो. चालताना त्या क्षणी खुब्यावर अंगाच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. डाव्या हातातली काठी कंबरेला पलीकडून टेकू देते. वाड्याच्या चौकात दोन फेऱ्या मारल्यावर आजी थबकल्या. "अगंबाई, खरंच हलकं वाटतंय की!"

दुखणं पळालेलं नाही, आणि झिजलेला सांधा व्यायामानं भरून येणार नाही, हे मी मुलाला स्पष्ट सांगितलंय. पुढे रात्रीची झोप मोडायला लागली, चालणं घटत गेलं, तर ऑपरेशनचा विचार करू. तेव्हाही हे कमावलेले स्नायूच कामाला येतील. सध्या आजी संध्याकाळी काठी घेऊन देवळापर्यंत जाऊन येतात.

जिन्याचा दोर झुलतो, त्याच्या भरवशावर चढणं धोक्याचं. मुलानं चढताना डाव्या हाताला येईल असा लोखंडी पाइप भिंतीत बसवून घेतला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे आजींना पाठ झालंय. उतरताना पाइप उजवीकडे येतो, म्हणून डाव्या हातात काठी. फक्त पाइपाचा निळा रंग त्यांना अजिबात पसंत नाही. मी गेले की आधी त्याचीच तक्रार.