हात वाळेपर्यंत

परवा दुपारी फोर्टात आम्ही चौघी मैत्रिणी जेवायला गेलो होतो. मासळीचं हॉटेल, तेही चांगल्यातलं. म्हणजे दार उघडायला माणूस, आणि मेनूकार्डात खेकड्यासमोर आकड्याऐवजी 'आजच्या भावाप्रमाणे'. खेकडा आम्ही हातानेच खाल्ला. काट्याने खेकडा खाणाऱ्या माणसाशी माझं जमायचं नाही. नांग्या फोडून झाल्या, सोलकढी झाली, एकीच्या सुनेचा विषय नुकता कुठे रंगात येत होता, तेवढ्यात वेटर आला. चार पांढरे वाडगे, कोमट पाणी, पाण्यावर लिंबाची चकती. पाठोपाठ काळ्या फोल्डरातून बिल.

बोटं बुडवली, पुसली. सुनेचा विषय तिथेच राहिला. कोणी थांबवला नव्हता, पण हात धुतल्याबरोबर सगळ्या एकदम पर्स शोधायला लागल्या. टॅक्सीत बसल्यावरही मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. छत्री होती, चष्मा होता. चर्चगेटच्या सिग्नलला उलगडा झाला. आमचे हात वाळलेच नव्हते.

फिंगर बोलशी माझं वाकडं जुनंच. ताटात हात धुवायचा नाही, हा आमच्या घरात देवाधर्माइतका कडक नियम होता. बाबांचे एक मित्र ताटात हात धुवायचे. मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ, दोन पुस्तकं नावावर, पण आमच्या घरी त्यांची ओळख शेवटपर्यंत 'ते ताटात हात धुणारे' एवढीच राहिली. फिंगर बोल म्हणजे त्याच गुन्ह्यावर लिंबू पिळलेलं.

तो मी पहिल्यांदा पाहिला १९७८ साली. दादा दहावी झाला म्हणून बाबा आम्हाला दादरला एका पंजाबी हॉटेलात घेऊन गेले, आणि गेले ते थेट वरच्या मजल्यावर, एसीत. तिथले दर खालच्यापेक्षा जास्त, आणि उजेड इतका बेताचा की पनीर आणि बटाटा चावल्यावरच वेगळे ओळखू यायचे. शेवटी स्टीलच्या वाट्या आल्या. ते पाणी लिंबूपाणी समजून पिणाऱ्या काकांची गोष्ट बहुतेक घरांत सांगतात. आमच्या गोष्टीत काका नव्हते, आई होती. तिने चकती नीट पिळली, चमच्याने ढवळली आणि वेटरला म्हणाली, "जरा मीठ आणता का?" त्याने आणलं. तो बिचारा काही बोलला नाही, बाबा तर त्याहून नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, की एसीच्या जादा दरांचा तो सूड होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की नुसती हसायची.

तोवर आमच्या ओळखीची सगळी हॉटेलं बेसिनवाली. इराण्याकडे तर बेसिन दर्शनी भागातच, वर आरसा, आणि आरशाशेजारी केस विंचरू नका, उगाच बसून राहू नका अशा पाट्या. त्या पाट्यांखाली लोक एका चहावर तासतासभर बसलेले असायचे. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ सालचं. तिथे आजही ब्रून मस्का चहात बुडवून खाताना घाई केली तर पाव चहातच राहतो. माटुंगा स्टेशनाशेजारी रामा नायकांचं बोर्डिंग १९४२ पासून चाललंय. तिथे केळीच्या पानासमोर बसून चमचा मागायची माझी तरी छाती नाही. बेसिन असलं की आपण उठतो. वाडगा आला की आपल्याला उठवतात.

अर्थात बेसिन असूनही उठवणारी ठिकाणं आहेत. रविवारी सकाळी दादरला एका लोकप्रिय मराठी उपाहारगृहात गेलात, तर थालीपिठाचा अर्धा तुकडा उरलेला असतानाच तुमच्या खुर्चीच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवून उभं राहतं. नुसतं उभं राहत नाही, तुमच्या ताटात बघत राहतं. अशा वेळी मी मुद्दाम एक पीयूष आणखी मागवते. हा माझा स्वभावदोष आहे, मान्य.

हात वाळायचे ते गिरगावात, गौरीजेवणाला.

आमच्या दोन खोल्यांत पुरुषांची पंगत आधी. पाट मांडलेले, केळीची पानं, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि अळूचं फदफदं, मधे भाताची मूद. आग्रह, तूप, पुन्हा आग्रह. पंगतीतून मधेच उठायचं नसतं, त्यामुळे सर्वांत सावकाश जेवणाऱ्या आप्पांचा ताकभात संपेपर्यंत बाकीचे बसून असायचे. तिथेही हात वाळायचे, नाही असं नाही. पण त्या वाळण्यात दम नव्हता. विषय म्हणजे बोनस आणि क्रिकेट. मग सुपारी, मग सतरंजीवर घोरणं.

बायकांची पंगत बसायला तीन वाजायचे. तोवर अळूत पाणी घातलेलं असायचं, आणि मसालेभातातले काजू पहिल्या पंगतीला गेलेले. मात्र पातेल्याच्या तळाची खरवड बायकांची. ती आई, दोन काकवा आणि मामी मोजूनमापून वाटून घ्यायच्या. पाट कोणी मांडायचं नाही, रांगोळीचं नावच नको. भांडी मधे ओढून घ्यायची आणि भोवती गोल बसायचं. वाढायला कोणी नाही, ज्याचं त्याने डाव्या हाताने घ्यायचं. मी आठनऊ वर्षांची, पहिल्या पंगतीतच जेवलेली असायचे, पण आईच्या पाठीला टेकून बसायचे. कारण खऱ्या गोष्टी इथे असायच्या.

जेवण वीस मिनिटांत व्हायचं. त्यानंतर दीड तास कोणी उठायचं नाही. मेंदी काढून बसल्यासारखे उजवे हात पानावर अधांतरी धरलेले. वरण आधी चकाकायचं, मग त्याला सुरकुत्या यायच्या, मग बोटांच्या पेरांवर बारीक भेगा पडायच्या. काकू बोलता बोलता अंगठ्याने तर्जनीवरचे भाताचे पापुद्रे काढायची. तिचा तो चाळा सुरू झाला की समजायचं, आता खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा विषय निघणार. मामींचा लौकिक उष्ट्या हाताने कावळा न हाकणाऱ्या असा. पण या पंगतीत घरादाराची गुपितं त्या सढळ हाताने वाटायच्या. कोणाचा पगार किती, कोणी कोणाला पत्र लिहिलं, कोणाच्या पाटल्या सध्या घरात नसून कुठे आहेत. ऐन रंगाच्या जागी माझ्याकडे बघून आवाज खाली यायचा. मी झोपेचं सोंग घ्यायचे. आईने कधीतरी पदराआडून मला चिमटा काढला होता. तोही डाव्या हाताने.

आजी पलंगावरून ओरडायची, "उठा गं बायांनो, उष्टे हात वाळवले की कर्ज होतं!" कोणी उठायचं नाही. घरावर कर्ज होतंच. ते बायकांच्या हातांमुळे झालं होतं की काय, हे त्या वयात मला खरोखर कोडं होतं.

मग नळाला पाणी यायची वेळ व्हायची आणि सगळ्या एकदम उठायच्या. वाळलेला हात साध्या पाण्याने निघत नाही, चोळावा लागतो. रात्रीपर्यंत त्याला मसालेभाताचा वास राहायचा.

मोठ्या काकांचा हात मात्र कधी वाळला नाही. हे त्यांचंच म्हणणं. ते कोकणातून एकटे आले आणि लालबागच्या खानावळीत जेवून गिरणीत पाळ्या करत होते. खानावळ म्हणजे चाळीतली दहा बाय दहाची खोली आणि ती चालवणारी एक बाई. एका पाळीची माणसं जेवत असताना पुढची दारात उभी. भोंगा झाला की उठायचं, नाहीतर खाडा. "गप्पा कसल्या मारतेस, आमटीपण उभ्याने पिऊन पळायचो," असं म्हणायचे. त्या बाया किराणा उधारीवर आणायच्या, सावकाराचं व्याज फेडायच्या आणि पुन्हा पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आजीचं कर्जाचं शास्त्र मला तेव्हापासूनच संशयास्पद वाटायला लागलं. ज्यांचे हात आयुष्यात वाळले नाहीत, त्याच कर्जात होत्या की.

१९८२चा संप झाला, काका गावी गेले, पुढे गिरण्यांच्या आवारात जे उभं राहिलं ते आपण बघतोच आहोत. लोअर परळला आता जेवायला जायचं म्हणजे टेबल आधी राखून ठेवायचं. ते मिळतं ठरावीक वेळेपुरतं, रात्री आठ ते दहा. दहाला पुढची मंडळी यायची असतात. भोंगा तेवढा होत नाही.

माझा भाचा तिथेच एका टॉवरात बाविसाव्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात त्याने नव्या घराचं जेवण केलं. आठ दिवस आधी भाचेसुनेचा फोन, "आत्या, तुम्ही ग्लुटेन खाता ना?" मी म्हटलं, "पोळीतून जेवढं जातं तेवढं खाते." घर सुरेख. जेवणाच्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाकडी फळी, तिच्यावर चीज, अंजिरं, द्राक्षं, कुरकुरीत काहीबाही, आणि मधे मधे झाडाची पानं. पानं खायची होती की नाही ते मी शेजाऱ्याचं बघून ठरवलं. ताटल्या हाताने घडवलेल्या मातीच्या, मुद्दाम वाकड्या ठेवलेल्या. माझ्या आईने तशी वाकडी वाटी दुकानदाराला परत केली असती. एका चमच्यात एकच घास असं काहीतरी फिरत होतं. चव घ्यावी तोवर ते संपलेलं असायचं आणि चमचा कुठे ठेवायचा हा प्रश्न उरायचा. कापडी नॅपकिन होते, इतके सुबक दुमडलेले की उलगडायचा धीर होईना. मी माझा हातरुमालच वापरला.

चेष्टा करते आहे, पण पोरीने मेहनत केली होती. आमच्या आया काचेच्या कपाटातला डिनर सेट पाहुण्यांसाठी जपून ठेवायच्या आणि पाहुणे आले की तो फुटेल म्हणून पुन्हा स्टीलच काढायच्या. हिने असेल नसेल ते सगळं बाहेर काढलं होतं. लोक खूश होते, फोटो काढत होते. फक्त एका हातात ताटली, दुसऱ्यात ग्लास, आणि सगळे उभे. अशा माणसाचा वाळणार कुठला हात? गप्पाही तशाच उभ्याउभ्या. सुरू व्हायच्या आणि कोणीतरी तिसरा आला की सरकायच्या. तीन तासांत मला चौघांनी विचारलं, मी मुंबईत कुठे राहते. चौघांनाही विलेपार्ले सांगून झालं.

अकराच्या सुमाराला पांगापांग झाली. भाचा पाहुण्यांना सोडायला खाली गेला. मी रिकामे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर भाचेसून फ्रिजला पाठ लावून जमिनीवर बसलेली. उंच टाचांच्या चपला बाजूला. मांडीवर कुकरचं भांडं, त्यात सकाळचा वरणभात. हाताने कालवून खात होती.

"बसा ना आत्या," म्हणाली. "सकाळपासून काही पोटात नाही." मग भांडं जरा पुढे करून, "घेणार?"

माझं पोट भरलं होतं की नव्हतं, ते त्या चमच्यांवरून सांगणं कठीण होतं. मी गुडघे सांभाळत खाली बसले आणि त्याच भांड्यात हात घातला. वर लिंबाचं लोणचं, तिच्या आईने पाठवलेलं. पाच मिनिटांत भांडं संपलं. मग ती बोलायला लागली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही. तिच्या नोकरीचं होतं, थोडं माझ्या भाच्याचं होतं, आणि एक गोष्ट अशी होती की ती ऐकून मी बराच वेळ गप्प राहिले. बाहेर डिशवॉशर गुरगुरत होता. तिचं लक्ष नव्हतं, पण अंगठ्याने ती तर्जनीवरचे भाताचे पापुद्रे काढत होती.

मधेच तिचा फोन थरथरला. भाच्याचा मेसेज असावा. तिने अंगठा टेकवला. फोन उघडेना. पुन्हा टेकवला, पुन्हा नाही. तिने अंगठा तोंडासमोर धरून बघितला. वरण वाळून पार कडक झालं होतं, रेषा दिसत नव्हत्या.

"ओळखत नाहीये मला," ती म्हणाली.

फोन पालथा करून तिने बाजूला सरकवला, आणि आम्ही कुठे होतो, असं मला विचारलं.