दोन तळ्यांच्या मधलं मॅडिसन

अमेरिका म्हटलं की आपल्याकडे न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, फार तर शिकागो. त्यामुळे मी विस्कॉन्सिनात राहते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कुठे गं?" तर शिकागोहून गाडीने साधारण अडीच तास, आणि मॅडिसन ही त्या राज्याची राजधानी, २०२० च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्याही आत लोकसंख्या.

मेंडोटा आणि मोनोना अशी दोन मोठी तळी, त्यांच्या मधे जमिनीची चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर डाउनटाउन, त्यामुळे कुठूनही थोडं चाललं की पाणी लागतंच. मधोमध कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधानभवन, १९१७ साली बांधून झालेलं, ग्रॅनाइटचा घुमट, वर एका स्त्रीचा सोनेरी पुतळा आणि तिच्या शिरस्त्राणावर चक्क बॅजर (इथला राज्यप्राणी!). आजूबाजूला मैलभर उंच इमारती बांधायला कायद्यानेच मनाई आहे, म्हणून तो घुमट लांबूनही दिसतो. आत जायला पास-बिस काही नाही, सरळ शिरायचं. मंत्रालयाबाहेर पाससाठी रांगेत उभं राहिलेल्यांना हे वाचून हेवा वाटेल.

उन्हाळ्यात दर शनिवारी कॅपिटॉलभोवती शेतकऱ्यांचा बाजार भरतो, १९७२ पासून चालू आहे, ज्याने पिकवलं त्यानेच विकायचं, मधे दलाल नाही. आणि सगळी गर्दी एकाच दिशेने फिरते, देवळात घालतो तशी प्रदक्षिणाच, फक्त उलटी. तिथे चीज कर्ड (दही नव्हे, ताज्या चीजचे छोटे तुकडे) नक्की घ्या, त्याच दिवशीचं असेल तर दाताखाली कुंई कुंई वाजतं, फ्रिजमध्ये ठेवलं की आवाज गेला, मग नुसतं चीज.

तिथून स्टेट स्ट्रीटने चालत निघालं की थेट युनिव्हर्सिटी, १८४८ ची. शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना १९६० ते ७० इथेच होते आणि इथे असतानाच १९६८ चं नोबेल मिळालं, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

थंडीचं काय सांगू. तळी गोठतात, म्हणजे वरवर नाही, चांगली जाड, लोक त्यावरून चालतात आणि मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडून बादली उलटी टाकून मासे धरत तासन् तास बसतात. मला विचाराल तर वेडेपणा आहे, पण त्यांचे चेहरे बघितले तर आपल्यालाच बसावंसं वाटतं.

शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एक. कॅम्पसजवळची बरीचशी भाडेपत्रं ऑगस्टच्या मध्याला एकदमच संपतात, तेव्हा जाणारी मुलं टेबलं, खुर्च्या, दिवे, मायक्रोवेव्ह सगळं फुटपाथवर टाकून जातात, त्याला हिप्पी ख्रिसमस म्हणतात, ज्याला हवं त्याने उचलायचं, लाजायचं कारण नाही, आमचं जेवणाचं टेबल तिथलंच. फक्त गाद्या आणि सोफे फुकट मिळाले तरी घरात आणू नका, ढेकूण अमेरिकेतही असतात.